गोळीने किडनी जाते, पण कोणत्या?

साताऱ्यातल्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. बीपी-शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते, आजोबांना कुठे होतं बीपी, साखर सोडून गूळ खा, हा सगळा कंपन्यांचा धंदा, तेव्हा साठीनंतर गोळ्या बंद करा.

किडनीचं आधी. वर्षानुवर्षं मोकाट सुटलेली शुगर आणि बीपी हीच किडनी निकामी होण्याची मोठी कारणं. शुगरच्या मेटफॉर्मिन या गोळीने किडनी बिघडत नाही. किडनी आधीच कमजोर असेल तर या गोळीचा डोस कमी करतात किंवा ती थांबवतात, म्हणून तर किडनी कशी चालतेय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला सांगतात. आता गंमत बघा. किडनीच्या धास्तीने बीपीची गोळी सोडलेले आमच्या गल्लीतले आप्पा गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी आणतात. चिठ्ठी नाही, रोज दोन. म्हातारपणी किडनीला खरा धोका या गोळीचा, वर ती बीपीही चढवते. मेसेजमध्ये तिचं नावसुद्धा नाही!

आजोबांचं बीपी मोजलं कुणी? ते बहुधा दुखत-खुपत नाही. एखाद्या दिवशी अर्धं अंग लुळं पडायचं आणि लोक म्हणायचे, ‘अंगावरून वारं गेलं.’

कराडकडच्या गुऱ्हाळातला ताजा गूळ कुणाला नको? पण त्यातही बहुतांश साखरच असते.

गोळ्या बंद करण्याच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. थकलेल्या माणसाची शुगर फार खाली आणणं धोक्याचं, म्हणून उतारवयात डॉक्टर लक्ष्य जरा सैल ठेवतात. एकादशीला बघा: सकाळी शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइड घेतली आणि दुपारपर्यंत नुसत्या चहावर काढलं की दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. शुगर 70 च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायची. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी झाली की तीच शुगर आभाळाला. उपासाच्या दिवशी गोळी किती आणि कधी, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं तर एवढी पळापळ होत नाही.

धंद्याचं म्हणाल, तर 2017 साली सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यातच सातारा जिल्हा होता. बीपीच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. त्यातल्या अम्लोडिपिन या गोळीने पाय सुजत असतील तर तिथे तसं सांगा, गोळी बदलून देतात.