टायरन मॅथ्यूला काढलं ते बरोबर होतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली त्या रात्री दोनदा वाचली आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा एकदा. आभार मानून दोन ओळींत उत्तर द्यावं अशी ती नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

इतर वाचकांसाठी आधी संदर्भ देतो. मागच्या लेखात मी टायरन मॅथ्यूबद्दल लिहिलं होतं. १० ऑगस्ट २०१२ रोजी लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने, म्हणजे एलएसयूने, आपल्या सर्वांत गाजलेल्या फुटबॉलपटूला संघाचे नियम मोडल्याबद्दल काढून टाकलं. फुटबॉल म्हणजे इथला अमेरिकन फुटबॉल, अंडाकृती चेंडूचा. माझ्या लेखाचा सूर असा होता, की एका वीस वर्षांच्या पोरावर अन्याय झाला. सरांनी एकतीस वर्षं शाळेत खेळ शिकवला, कबड्डीचे संघ तयार केले. त्यांचं म्हणणं असं: पोराला आधी संधी दिली होती, ती मी लपवली. तो चांगला खेळतो म्हणून त्याच्यासाठी माझं मन हळहळतं, राखीव खेळाडूला काढलं असतं तर मी लेखही लिहिला नसता. आणि नियम सगळ्यांना सारखा नसेल तर त्याला नियम म्हणू नये. शेवटी त्यांनी स्वतःची आठवण लिहिली आहे. जिल्ह्याच्या अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री शिबिरातून पळून गेलेल्या कप्तानाला त्यांनी सकाळी घरी पाठवलं. सामना हरले, पण त्या निर्णयाचा त्यांना आजही पश्चात्ताप नाही.

सर, पहिला मुद्दा मान्य. चूक माझी आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये मॅथ्यूला आणि आणखी दोघांना ऑबर्न विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यातून बाहेर ठेवलं होतं, ते माझ्या लेखात यायला हवं होतं. अमली पदार्थांच्या चाचणीत नापास झाल्यामुळे, अशा बातम्या तेव्हाही आल्या होत्या. म्हणजे ऑगस्टची कारवाई आकाशातून पडली नव्हती. ‘कारण न सांगता हाकलला’ असं मी लिहिलं, तेही अर्धवट होतं. इथे १९७४ चा एक संघीय कायदा आहे. विद्यार्थ्याच्या नोंदी त्याच्या संमतीशिवाय विद्यापीठाला बाहेर सांगता येत नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या प्रत्येक कॉलेजच्या पत्रकात तेच तीन शब्द असतात, ‘संघाचे नियम मोडल्याबद्दल’. त्या शब्दांमागे चोरी असू शकते, मारामारी असू शकते, वर्गाला दांडी असू शकते किंवा गांजा. हे शब्द पोराची अब्रू झाकायला आहेत, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं. अर्थात झाकली जात नाहीच. त्या शुक्रवारी संध्याकाळ व्हायच्या आत आमच्या प्लांटच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही कारण ठाऊक होतं: गांजा.

पण सर, ऑबर्नच्या त्या शिक्षेकडे एकदा नीट बघा. ऑबर्नला एलएसयूने ४५–१० असं लोळवलं, मॅथ्यूशिवाय. पुढचा आठवडा सुट्टीचा होता. त्यानंतर ५ नोव्हेंबरला अलाबामाविरुद्धचा सामना, ज्याची अख्खा देश वाट बघत होता. त्याला मॅथ्यू मैदानात हजर. एलएसयू ९–६ ने जिंकली. पुढे अर्कान्सासविरुद्ध त्याने प्रतिस्पर्ध्याची लांब किक झेलली आणि ९२ यार्ड पळत थेट टचडाउन केलं, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवले. आठच दिवसांनी विभागाच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाविरुद्ध तसंच, ६२ यार्ड. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच. त्या मोसमात तेरा सामने सलग जिंकून संघ राष्ट्रीय अंतिम फेरीत गेला आणि तिथे अलाबामाकडूनच २१–० असा हरला. बचावात खेळणारा पोरगा हाइझमन पारितोषिकाच्या, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मानाच्या, शेवटच्या पाचांत येणं ही दुर्मीळ गोष्ट, तीही त्याने केली.

तुम्ही म्हणता, संधी दिली होती. मी म्हणतो, एका सामन्याची शिक्षा देऊन पोराला काय शिकवलं? त्याला हे कळलं की मोसम चालू असताना आपल्याशिवाय यांचं पान हलत नाही. हे एखाद्याने त्याला तोंडाने सांगायची गरज नव्हती. एकोणीस वर्षांचं पोर, ज्याचे केस पिवळे रंगवलेले, ज्याला सगळा देश ‘हनी बॅजर’ म्हणून ओळखतो, ज्याच्या ७ नंबरचे जर्सी एलएसयूच्या गावात, बॅटन रूजमध्ये, प्रत्येक दुकानात टांगलेले. माझ्या मुलीच्या वर्गात तेव्हा दर शुक्रवारी तीन-चार पोरं ७ नंबर घालून यायची. त्या विक्रीतला एक डॉलरही त्याला मिळत नव्हता, कारण कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करायची परवानगी मिळाली ती २०२१ मध्ये. त्याचे प्रशिक्षक लेस माइल्स वर्षाला ३० लाख डॉलरांहून जास्त घेत होते. ते त्यांनी घ्यावेत, माझं काही म्हणणं नाही. एवढंच सांगतोय, की ज्याला तुम्ही शाळेतला कप्तान समजताय त्याच्यावर शाळेपेक्षा फार मोठा बाजार उभा होता. शनिवारी बाजार त्याला खांद्यावर घेऊन नाचायचा आणि सोमवारी नियम त्याला विद्यार्थी म्हणायचा.

म्हणून माझं मत बदललंय, पण तुम्हाला हवं तिकडे नाही. पहिल्या लेखात मी म्हटलं होतं की ऑगस्टमध्ये काढायला नको होतं. आता म्हणतो, ऑक्टोबरमध्येच त्याला थांबवायला हवं होतं. महिनाभर, जमल्यास अख्खा मोसम. पण हाकलायचं नाही. सकाळी चाचणी, दुपारी समुपदेशक, संध्याकाळी सरावाला हजेरी आणि सामन्याला मात्र कट्ट्यावर. अलाबामाचा सामना हरले असते तर हरले असते. तुम्ही जिल्ह्याचा अंतिम सामना हरलात ना? म्हणूनच तुमची शिस्त मला पटते. तुम्ही पोराइतकीच किंमत स्वतःही मोजलीत.

तुमचा राखीव खेळाडूचा प्रश्न मला खरंच झोंबला. उत्तर आहे: नाही, त्याला काढलं असतं तर मी लेख लिहिला नसता. मला त्याचं नावही कळलं नसतं. दरवर्षी मोसमाच्या तोंडावर अशी कितीतरी पोरं जातात, वर्तमानपत्राच्या तळाशी दोन ओळी येतात. १९७३ पासून पुढची कित्येक वर्षं इथल्या खेळाडूंची शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच असायची, दर उन्हाळ्यात नव्याने ठरायची. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा परत आली ती मॅथ्यूला काढलं त्याच वर्षी. एखाद्या पोराचं संघातलं नाव गेलं की फी गेली, खोली गेली, मेसचं जेवण गेलं. म्हणजे तुमच्या शाळेतला कप्तान घरी गेला तरी सोमवारी आपल्या बाकावर येऊन बसू शकत होता. इथल्या पोराचं तसं नसतं. त्याचा खेळ आणि त्याचं शिक्षण एकाच दोरीने बांधलेलं असतं, आणि ती दोरी प्रशिक्षकाच्या हातात असते. त्या राखीव पोरांसाठी मी लिहायला हवं होतं. यापुढे लिहीन.

‘त्याच्या बापाचं, घरचं वर्णन करून तुम्ही रडगाणं लावलंत,’ असंही तुम्ही म्हटलंय. सर, बाप खुनाच्या शिक्षेत तुरुंगात, काका-काकूंनी वाढवलेला मुलगा, न्यू ऑर्लिन्सचा. हे मी माफीसाठी लिहिलं नव्हतं. संघाचं दार बंद झाल्यावर हा पोर कुठे जाऊ शकतो, हे वाचकाला कळावं म्हणून लिहिलं होतं. ज्याला घरी पाठवायचं त्याचं घर कसं आहे, हे पाठवणाऱ्याला माहीत असायला नको का? तुम्ही मुलांच्या घरी जाऊन पालकांना भेटायचात असं तुम्हीच लिहिलंय. तेच मी म्हणतोय.

आता ‘नियम सगळ्यांना सारखा’. हे वाक्य मला तुमच्याइतकंच प्रिय आहे. म्हणून त्याच विद्यापीठातली पुढची गोष्ट सांगतो. मॅथ्यूला काढताना माइल्स म्हणाले होते की आमच्या खेळाडूंसाठी एक दर्जा ठरलेला आहे आणि तो पाळला नाही तर परिणाम भोगावे लागतात. दुसऱ्याच वर्षी, २०१३ मध्ये, विद्यार्थिनींशी त्यांच्या वागणुकीबद्दल आतल्या आत चौकशी झाली. त्यांनी आरोप नाकारले, आणि लैंगिक संबंध होते असा निष्कर्षही चौकशीने काढला नाही. पण वागणूक अनुचित होती असं म्हटलं आणि त्यांना काही बंधनं घालून दिली गेली. क्रीडा संचालकांनी त्यांना नोकरीवरून काढावं अशी लेखी शिफारस केली. विद्यापीठाने ती मानली नाही. ते २०१६ च्या सप्टेंबरपर्यंत राहिले, आणि गेले ते सामने हरू लागल्यामुळे. हे सगळं लोकांपुढे आलं मार्च २०२१ मध्ये, विद्यापीठानेच नेमलेल्या वकिलांच्या अहवालातून.

मी दोन गुन्ह्यांची बरोबरी करत नाही. माइल्स तोंडदेखलं बोलत होते असंही म्हणत नाही, पोराला काढताना त्यांना वाईट वाटलं असेल यावर माझा विश्वास आहे. पण ज्या संस्थेने वीस वर्षांच्या मुलासाठी नियम पत्रकात छापला, तिनेच साठीकडे झुकलेल्या माणसासाठी चौकशीचे कागद कपाटात ठेवले. नियम सारखा असावा, सर. खालच्या माणसापासून वरच्या माणसापर्यंत. तो मध्येच कुठे थांबतो, ते आपण विचारलं पाहिजे.

आणि खुद्द गांजाचं बघा. २०२० च्या करारानंतर एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या लीगमध्ये, गांजाची चाचणी सकारात्मक आली म्हणून खेळाडूला सामन्यांबाहेर बसवत नाहीत. २०२४ च्या जूनमध्ये कॉलेज खेळांच्या संघटनेनेही पहिल्या श्रेणीच्या बंदी यादीतून गांजा काढला. त्यावरून मॅथ्यू तेव्हा निर्दोष होता असं ठरत नाही. नियम होता, त्याला माहीत होता, त्याने तो मोडला.

मुख्य गोष्ट अजून राहिली. काढल्यानंतर काय झालं, ती.

मॅथ्यू ह्यूस्टनला जॉन लुकस यांच्याकडे गेला. लुकस म्हणजे १९७६ साली एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये सगळ्यांत आधी निवडले गेलेले बास्केटबॉलपटू. कोकेनने त्यांची कारकीर्द पोखरली, १९८६ मध्ये ह्यूस्टनच्या संघाने चाचणीनंतर त्यांनाही काढलं होतं. ते सावरले आणि मग व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठीच काम करू लागले. एका हाकललेल्या माणसाने दुसऱ्याला पदरात घेतलं. मॅथ्यू तिथून परतला, एलएसयूमध्ये साधा विद्यार्थी म्हणून नाव घातलं (विद्यापीठाने ते घालू दिलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो), आणि २५ ऑक्टोबरला गांजा बाळगल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. तुम्ही लिहिलंय की या अटकेमुळे प्रशिक्षकांचा निर्णय बरोबर ठरला. मला ती अटक वेगळी दिसते. संघ गेला, सराव गेला, दिवसाचं वेळापत्रक गेलं आणि पोर त्याच गावात, त्याच मित्रांत, मोकळं. व्यसन असलेल्या माणसाला रिकामा दिवस देणं ही कसली शिक्षा?

पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, एनएफएलच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत ॲरिझोना कार्डिनल्स या संघाने त्याला तिसऱ्या फेरीत, ६९ व्या क्रमांकावर घेतलं. तिथे पॅट्रिक पीटरसन होता, एलएसयूचा त्याचा जुना सोबती, त्याच्या आधी ७ नंबर घालणारा. त्याने संघापुढे मॅथ्यूसाठी शब्द टाकला. प्रशिक्षक ब्रूस एरियन्स यांनी घेतला, पण वारंवार चाचण्यांच्या अटीवर, आणि त्या अटी मॅथ्यूने मान्य केल्या. आपल्या भाषेत ‘पाठीशी घालणं’ आणि ‘पाठीशी उभं राहणं’ यांत केवढं अंतर आहे! ऑबर्नच्या आठवड्यात एलएसयूने त्याला पाठीशी घातलं. ॲरिझोनात लोक त्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि तिथली शिस्त जास्त कडक होती. दोनदा गुडघ्याचं अस्थिबंध फाटूनही २०१५ मध्ये तो देशातल्या सर्वोत्तम अकरांत निवडला गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅन्सस सिटीच्या संघाकडून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. २०२२ मध्ये आपल्या गावी, न्यू ऑर्लिन्सच्या संघात परतला आणि २०२५ च्या जुलैमध्ये निवृत्त झाला.

तुम्ही म्हणाल, काढलं म्हणूनच सुधारला. काही अंशी खरं असेल. तोही त्या धक्क्याबद्दल कडवटपणे बोललेला माझ्या वाचनात नाही. पण लुकस आणि पीटरसन नसते तर? राखीव फळीतल्या ज्या पोरांबद्दल तुम्ही विचारलंत, त्यांच्यासाठी लुकस नसतो, शब्द टाकायला पीटरसन नसतो. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे, की काढण्याच्या नियमातच पुढची ओळ लिहिलेली असावी: फी किती दिवस चालू राहील, उपचार कुठे होतील, परत यायचं असेल तर काय करून दाखवावं लागेल. काढणाऱ्यानेच ती लिहावी आणि पाळावी.

सर, तुमच्या प्रतिक्रियेतला तो कप्तान माझ्या डोक्यातून जात नाही. सकाळी त्याला घरी पाठवलंत, संघ हरला, इथे तुम्ही थांबलात. शिबिरातून तो रात्री कुठे गेला होता? दुसऱ्या वर्षी तो मैदानात आला का? आता तो काय करतो, तुम्हाला भेटतो का? हे मी वादासाठी विचारत नाही. ज्याने अशा मुलाला खरोखर घरी पाठवलंय आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं मैदानावर उभा राहिलाय असा मला माहीत असलेला माणूस तुम्हीच आहात. वेळ मिळेल तेव्हा लिहा. तुमची परवानगी असेल तर पुढचा लेख म्हणून मी तेच छापेन, त्या मुलाचं नाव गाळून.