क्लिप सुटी मिळत नाही म्हणे!

नखाएवढी प्लास्टिकची क्लिप. डिझेल फिल्टरच्या पाइपाच्या तोंडात बसते, दोन्ही बाजूंनी दाबली की पाइप सुटतो. म्हणजे सुटायला हवा. इंजिनाशेजारी वर्षानुवर्षं शेकून ती खारी बिस्किटासारखी ठिसूळ झालेली असते, काल घरीच फिल्टर बदलताना कट्कन मोडली. मोडू दे, प्लास्टिकच ते. पण साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या दुकानातला माणूस मोबाइलमधून मान वर न काढता काय म्हणतो? "पाव्हणं, क्लिप सुटी येत न्हाई. आख्खा पाइप घ्यावा लागंल."

आख्खा पाइप! पाइपाला चीर नाही, गळती नाही, तोंडसुद्धा शाबूत. किंमत फिल्टरपेक्षा जास्त. बरं, तोही दुकानात नाहीच. "पुण्यास्नं मागवायचा, ॲडव्हान्स भरा." वर तोच माणूस ऐकवतो, "तार बांधा की तोवर." अरे, तार? डिझेलच्या लाइनला? आणि त्याची मान अजून मोबाइलमध्येच!

व्हिडिओवाल्यांचा तर वेगळाच राग आहे. "बस दाबा आणि ओढा." ह्यांची गाडी शोरूममधून सकाळी आलेली. आपल्याकडे खंबाटकी घाटाची नि हायवेची सगळी धूळ त्या कनेक्टरमध्ये घट्ट बसलेली. आधी जुन्या टूथब्रशनं आणि थोड्या डिझेलनं ती माती काढायची, मग पाइप उलट फिल्टरकडे आत ढकलायचा, मग क्लिपचे दोन्ही कान दाबायचे आणि मग सरळ ओढायचा. स्क्रू ड्रायव्हरनं उचकटायचं नाही. हे सांगायला व्हिडिओत अर्धं मिनिट नसतं, "चॅनेल सबस्क्राइब करा" म्हणायला दोन मिनिटं असतात.

फिल्टरच्या खोक्याचं काय सांगावं. वर चकचकीत होलोग्राम, आत ओ-रिंगच नाही, म्हणजे जोड घट्ट बंद करणारी गोल रबरी रिंग. विचारलं तर "जुनीच चालती". नाही चालत! ती दबून चपटी झालेली असते. नळाच्या दुकानातली रिंग आणून घालणारे तर थोरच. तसल्या रिंगेतलं ईपीडीएम रबर डिझेलात फुगतं. नायट्राइल किंवा व्हिटॉन रबर लागतं. तीच गत फिल्टरच्या तळाला बसणाऱ्या, डिझेलातलं पाणी ओळखणाऱ्या सेन्सरची. जुन्या फिल्टरचा काढून नव्याला लावायचा, रिंग नवी, तिला बोटानं डिझेल चोळायचं आणि हातानंच आवळायचं. पान्यानं पिळलं की प्लास्टिकचे आटे गेले, मग सेन्सरही "सुटा येत न्हाई".

एका क्लिपवर एवढं बोंबलतोय, कळतंय मला. वाचलेली मजुरी रक्तदाबाच्या गोळीत जाणार, तेही कळतंय. तरी गॅरेजला देणार नाही. कारण बिलात "फ्युएल फिल्टर" लिहून जुनाच पुसून परत बसवलेला ह्याच डोळ्यांनी पाहिलाय. तेव्हापासून फिल्टरवर मार्करनं तारीख टाकायची सवय लागली. आणि जुन्या फिल्टरमधलं डिझेल पारदर्शक बाटलीत ओतून ठेवा, पाणी तळाशी वेगळं दिसतं. डॅशबोर्डवरचा पाण्याचा दिवा पेटला की "सेन्सर खराब असंल" म्हणणाऱ्याच्या हातात ती बाटली द्यायची. पंपावर टँकर खाली होत असताना डिझेल भरू नये, हेही त्याच माणसाला सांगून सांगून तोंड दुखलं.

एअर काढायच्या, म्हणजे फिल्टर बदलल्यावर लाइनमध्ये शिरलेली हवा काढायच्या बाबतीत तर सगळेच इंजिनिअर. हँड पंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, मगच सेल्फ. एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा. कोरडं फिरवत राहिलं तर हाय प्रेशर पंप खाल्ला जातो, कारण त्याला वंगण डिझेलचंच. कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल जातं ती) डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचा नट सैल करून एअर काढायला जाऊ नका, पूर्वीच्या डिझेल गाड्यांची अक्कल इथं चालवू नका, त्या लाइनमध्ये हजार बारच्या वर दाब असतो. नव्या फिल्टरमध्ये मधल्या भोकातून डिझेल ओतणारे महाभाग वेगळेच. अहो, बऱ्याच फिल्टरला मधलं भोक गाळलेलं डिझेल बाहेर जायचं असतं! ओतलेल्या डिझेलातला कचरा न गाळता थेट पंपात.

आणि गाडी सुरू झाली म्हणून पार्टी करू नका. टाकीपासून फिल्टरपर्यंत बऱ्याच गाड्यांत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. रिंग नीट बसली नसेल तर थेंब पडत नाही, उलट हवा आत शिरते. गरम गाडी मस्त चालते, रात्रीत डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी नुसतं सेल्फ घरघरतं. नेमकं तेव्हाच वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून ओरडतात, "धक्का मारा की राव!" काका, एअर धरलीय. साताऱ्यापासून कराडपर्यंत ढकलत नेली तरी सुरू व्हायची नाही.