खुलासा: ४३ लाख २० हजार वर्षांचा कल्प नसतो

‘चार युगे मिळून एक कल्प, म्हणजे ४३,२०,००० वर्षे’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. आकडा बरोबर, नाव चूक. ही वर्षे एका महायुगाची. अशी १००० महायुगे, म्हणजे ४३२ कोटी वर्षे, झाली की एक कल्प होतो. तो ब्रह्मदेवाचा फक्त दिवस. रात्र तेवढीच, पण वेगळी.

खरी गफलत मन्वंतरांत होते. ७१ महायुगांचे एक मन्वंतर, कल्पात अशी १४. गुणाकार ९९४ वरच थांबतो, आणि मग परंपरेचा हिशोबच चुकीचा ठरवला जातो. हे अन्यायाचे आहे. सूर्यसिद्धांत या प्राचीन खगोलग्रंथात उरलेली ६ महायुगे १५ संधिकाळांत, म्हणजे मन्वंतरांच्या आधी-नंतरच्या सांध्यांत, धरली आहेत. प्रत्येक संधिकाळ कृतयुगाएवढा (म्हणजे सत्ययुगाएवढा), १७,२८,००० वर्षांचा. पूजेच्या संकल्पात ‘श्वेतवाराहकल्पे’, मग ‘वैवस्वतमन्वंतरे’, मग ‘कलियुगे’ येते, ते याच उतरत्या क्रमाने.