प्रेस एकट्या ड्रिबलरने फुटत नाही

बास्केटबॉल कोचच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतोय: ‘समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस लावला की बॉल सगळ्यात चपळ ड्रिबलरला द्या, बाकी चौघांनी पुढे पळून वाट मोकळी करा, हाफ लाइन ओलांडली की थांबून सेट लावा.’ फुल कोर्ट प्रेस म्हणजे बचाव करणाऱ्यांनी पूर्ण कोर्टभर आणलेला दबाव, सेट म्हणजे चढाईची ठरलेली मांडणी. या सल्ल्याने पोरांच्या हातातल्या मॅच जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

चपळ ड्रिबलर. बचाव एकास एक असेल आणि मदतीला दुसरा येत नसेल, तर ठीक. ट्रॅप लावणाऱ्यांना, म्हणजे दोघांनी मिळून एकाला घेरणाऱ्यांना, मात्र ड्रिबलरच हवा असतो. एक जण त्याला साइडलाइनकडे रेटतो, दुसरा पुढून वाट बंद करतो. ड्रिबल थांबला की पाच सेकंदांत बॉल सोडावाच लागतो. पण एकावर दोघे धावले, म्हणजे उरलेल्या चौघांसाठी तिघेच राहिले, आणि त्याचा फायदा पासनेच उठवता येतो. ट्रॅप येताना दिसताच दोन ड्रिबल मागे घ्या, वर फेक दाखवा, खालून पास द्या. लॉब, म्हणजे उंच तरंगता पास नको, बचावाचे मागचे तिघे त्यावरच टपलेले असतात.

चौघांनी पुढे पळणं तर सगळ्यात महागात पडतं. पास द्यायचा कोणाला? एक जण बॉलच्या मागे तिरका हवा, एक मधोमध. मधला शक्यतो उंच आणि पक्क्या हातांचा. बॉल मिळताच त्याने ड्रिबल न करता पिव्हट करून, म्हणजे एक पाय रोवून वळून, बास्केटकडे तोंड करायचं. दोन्ही बाजूंचे धावणारे तेव्हाच दिसतात.

2016 च्या एनसीएए या अमेरिकन कॉलेजांच्या स्पर्धेत नॉर्दर्न आयोवा 44 सेकंद उरले असताना 69-57 ने पुढे होती. टेक्सास ए अँड एमच्या दबावात तिचा बॉल बेसलाइनजवळच, म्हणजे कोर्टच्या टोकाच्या रेषेजवळच, अडकत राहिला. 71-71, दोन ओव्हरटाइम, शेवटी 92-88 अशी हार. त्या 44 सेकंदांतले तिचे एकमेव दोन गुण प्रेसच्या मागे सुटलेल्या खेळाडूच्या डंकने आले.

थांबून सेट? फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या नियमाने 8 सेकंदांत हाफ लाइन ओलांडायची, हे खरं. पण ओलांडल्या ओलांडल्या साइडलाइनला थांबलात तर मागे जाता येत नाही, बाजूलाही नाही. पुढे तुमच्या तिघांसमोर बचावाचे दोघेच असतील तर सरळ चढाई करा. दोन-तीन लेअप, म्हणजे बास्केटखालचे सोपे शॉट, बसले की समोरचा कोच स्वतःच प्रेस मागे घेतो. बचाव आधीच परतला असेल तर जरूर थांबा, पण रेषेपासून चार पावलं आत आणि कोर्टच्या मध्यावर.