भिंत बंद झाली, तपासणी राहिली

गेल्या महिन्यात पुन्हा तशाच एका बैठकीत बसलो होतो. जुन्या व्यापारी इमारतीला मागून जोडलेलं दोन मजली वाढीव बांधकाम. काम संपलं, रंग लागला, दिवे लागले. फायनल तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरने विचारलं, "भिंती बंद करायच्या आधीची तपासणी कधी झाली?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. झालीच नव्हती.

पुढचं या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. मालक म्हणतो, मी मुख्य कॉन्ट्रॅक्टरला पैसे मोजलेत, त्याने बघायचं. तो म्हणतो, परवानगी इलेक्ट्रिकलवाल्याच्या नावावर, बोलवायचं काम त्याचं. इलेक्ट्रिकलवाला म्हणतो, वायरी ओढून झाल्या, तसा मेसेज टाकला, सकाळी येऊन बघतो तर भिंत झाकायचे बोर्ड ठोकून झालेले. बिल अडकलं, भाडेकरूची तारीख गेली, जो तो मोबाइलमधले मेसेज दाखवतोय. भिंतीत काय आहे हे मात्र कुणीच विचारत नाही.

आणि मग हमखास तोडगा निघतो: "मेगर मारा, रीडिंग चांगलं आलं की विषय संपवा."

याच वाक्याची मला भीती वाटते. मेगर म्हणजे वायरीचं इन्सुलेशन, म्हणजे आवरण, तपासायचं यंत्र. ते 500 व्होल्ट डीसी लावून एवढंच सांगतं, की इन्सुलेशनमधून करंट गळत नाहीये. 230 व्होल्टच्या सर्किटला इन्सुलेशनचा रेझिस्टन्स किमान 1 मेगाओहम लागतो, नव्या वायरिंगमध्ये तो शेकड्यांनी येतो. ढिला जॉइंट मेगरला दिसत नाही. समजा एखाद्या जॉइंटचा रेझिस्टन्स वाढत वाढत अर्ध्या ओहमवर गेला आणि त्यातून 10 अँपिअर वाहतायत. त्या एका ठिकाणी 50 वॅट उष्णता तयार होते. साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं. म्हणजे अशी दोन आयर्न भिंतीच्या पोटात दिवसभर चालू. जास्त करंटला सप्लाय तोडणारा एमसीबी पडणार नाही, कारण करंट जास्त नाही. गळतीला सप्लाय तोडणारा आरसीसीबी पडणार नाही, कारण गळती नाही.

काही वर्षांपूर्वी एका कामात मी हट्टाने फॉल्स सीलिंगचा एक तुकडा काढायला लावला होता. आत बिनझाकणाचा जंक्शन बॉक्स. चार न्यूट्रल वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली. टेपचा डिंक वितळून खाली ओघळला होता, तांबं काळं पडलं होतं आणि वायरीचं आवरण दोन बोटं लांबीपर्यंत कडक झालं होतं. नख लावलं तर तुकडा निघाला. साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा 70 अंश सेल्सिअस असते. त्याच सर्किटचं मेगर रीडिंग त्या दिवशी सकाळी उत्तम आलं होतं.

आयईसी 60364 या वायरिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या सहाव्या भागात हा क्रम स्पष्ट दिलाय. आधी डोळ्यांनी पाहणी, मग चाचण्या. आणि पाहणी फक्त काम संपल्यावर नाही, काम चालू असतानाही.

वाढीव बांधकामात तर हे जास्तच लागतं. तिथे जुनी वायरिंग आणि नवी वायरिंग एकमेकांना भेटते, आणि ती भेट बहुतेक वेळा झाकल्या जाणाऱ्या जागीच होते. जुन्या पॅनलवर नवा लोड येतो. नव्या भागाची अर्थिंग जुन्या अर्थिंगला नीट जोडलीय की वायर नुसती पाइपात घुसवलीय, हे बाहेरून कसं कळणार?

म्हणून माझं मत सरळ आहे. न बघता झाकलेलं काम हे झालेलं काम नाही, त्याचं बिल मंजूर होऊ नये. उघडायचा खर्च, तपासणीची सही नसताना झाकायला ज्याने सांगितलं त्याचा. आत चूक सापडली तर दुरुस्ती वायरिंग करणाऱ्याची. आज बहुतेक ठिकाणी दोन्ही खर्च छोट्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरच्या गळ्यात पडतात, कारण तो सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी आवाजात बोलतो. हा अन्याय आहे. त्यानेही फक्त मेसेज टाकून निघून जाऊ नये, भिंतीवर खडूने "तपासणी बाकी" लिहावं, फोटो काढावा.

फोटोंवरून काम भागवा, असंही परवा एकजण म्हणाला. फोटोमुळे पाइप कुठून गेलाय ते कळतं, टर्मिनलचा स्क्रू आवळलाय का ते कळत नाही.

दोन तास भांडून शेवटी नऊ ठिकाणी उघडायचं ठरलंय. जुन्या-नव्याचे जोड आधी. सोमवारी सुरुवात आहे, मी टॉर्च घेऊन तिथे असणार आहे.