माझ्या मुलाबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

चार दिवसांपासून गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'त्याला कॅन्सर आहे, म्हणून तोंडाला मास्क लावून राहते. शिवल्याने पसरते, पोरांना त्याच्याजवळ बसू देऊ नका.' तो माझ्या मुलाबद्दल आहे, म्हणून मीच लिहिते.

कॅन्सर शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, खोकल्यानं पसरत नाही. त्याला रक्ताचा कॅन्सर आहे. त्याच्याच शरीरातल्या पेशी बिघडल्यात, त्या सोबत बसणाऱ्याच्या अंगात जात नाहीत. नागपूरच्या डॉक्टरांनी हे नीट समजावलं, आणि वर्षभर मी त्याच्याच उशाशी झोपते.

मास्क आहे तो त्याला जपायला. केमोनंतर, म्हणजे कॅन्सरच्या औषधांनंतर, रक्तातल्या आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. आपल्याला साधी वाटणारी सर्दी त्याला थेट भरती करायला लावते. ताप १००.४ वर गेला की ऐन कापूस वेचणीतही सारं टाकून रात्री-बेरात्री गाडी काढावी लागते. म्हणून सर्दी-ताप, गोवर, कांजिण्या असतील त्यांनी तेवढं लांब राहावं. बाकीच्यांनी या, हात धुऊन बसा.

केस औषधानं गेले, ते बहुतेकांचे परत येतात. पण सोळा वर्षांचं पोर आहे. कॅरम खेळणारे त्याचे सोबती दारावरून सरळ निघून गेले, ते त्याला सुईपेक्षा जास्त लागलं. मेसेज त्यानंही वाचलाय.

ज्यांनी पाठवला त्यांनी आपल्या लेकरांच्या काळजीनंच पाठवला असेल, माझा राग नाही. फक्त आता पुढे पाठवू नका, आणि जिथं पाठवला तिथं हे टाका. सांजच्याला पाचनंतर तो ओसरीवर असतो.