त्यांचं धावतं, आपलं चालतं

शाळेत सरांनी इंग्रजी क्रियापदांची तीन-तीन रूपं घोकून घेतली, तेव्हा माझं सगळ्यात लाडकं क्रियापद होतं 'रन'. रन, रॅन, रन. 'गो'सारखा मध्येच 'वेंट' होऊन दगा देणारा हा प्राणी नव्हे. हा आपला धावून धावून तिसऱ्या रूपात पुन्हा मूळ जागी येऊन उभा. अर्थही एकच, धावणे. अशा सरळमार्गी क्रियापदावर मी डोळे मिटून विश्वास टाकला आणि तो बरीच वर्षं टिकलाही. मग नोकरीत परदेशी मंडळींशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलायची वेळ आली.

पहिल्याच आठवड्यात साहेब म्हणाले, "आय रॅन इंटू युवर ओल्ड मॅनेजर यस्टरडे." माझ्या डोळ्यांपुढे दोन पोक्त, पोट सुटलेले गृहस्थ समोरासमोरून धावत आले आणि एकमेकांवर आदळले. मी कळवळून विचारलं, "वॉज ही हर्ट?" साहेब क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, नाही, मजेत दिसला. नुसती अचानक गाठ पडली होती हो! बरं, उद्या साहेबांनी गाडी नेऊन खांबावर घातली, तरी तेही 'रन इंटू'च. जुना स्नेही आणि विजेचा खांब यांची भेट एकाच शब्दात. (काही स्नेह्यांच्या बाबतीत हे योग्यच आहे, पण तो विषय वेगळा.)

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "रन मी थ्रू द रिपोर्ट." मी कॉल म्यूट करून घाईघाईने शब्दकोश उघडला. माणसाला 'रन थ्रू' करणे म्हणजे त्याच्यात तलवार आरपार खुपसणे, असा अर्थ तिथे मिळाला. रिपोर्टमधले आकडे तेवढे भयानक होते खरे, पण साहेबांना फक्त तो थोडक्यात समजावून हवा होता. कॉल संपता संपता "वी आर रनिंग आउट ऑफ टाइम" आलं. रनआउट मला क्रिकेटमुळे पाठ. वेळ धावचीत झाली असणार, असं मी मनाशी लावून घेतलं, आणि नवल म्हणजे चुकीच्या गल्लीतून शिरूनही बरोबर घरात पोचलो. असं त्यानंतर पुन्हा कधी झालं नाही.

एकदा एका सहकाऱ्याचा ईमेल आला. त्याला ताप होता, म्हणजे तो ताप 'रन' करत होता. नाक गळत होतं, म्हणजे नाकही 'रन' करत होतं. त्यामुळे त्याची सगळी कामं उशिरा होणार होती, म्हणजे तो 'रनिंग लेट' होता. बिचारा स्वतः तीन दिवस अंथरुणातून उठला नव्हता. पळापळ चालली होती ती सगळी ईमेलमध्ये.

शेवटी मी या क्रियापदाची कुंडलीच काढायला बसलो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989च्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट'कडे होता, साधारण 430 अर्थ. पुढे 'रन'ची नोंद नव्याने लिहायला घेतली, तेव्हा पीटर गिलिव्हर या कोशकाराला त्या एका शब्दापायी नऊ महिने लागले आणि नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ भरले. नऊ महिन्यांत माणूस जन्माला येतो, आणि त्यालाही पुढे धावायला वर्ष-दीड वर्ष लागतं. सरांनी आम्हाला त्यातला एक सांगितला होता. उरलेल्या 644 अर्थांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, हे मी आता त्यांच्या थोर मनाचं लक्षण मानतो.

ते अर्थ चाळता चाळता मला एक भलतीच गोष्ट दिसली. इंग्रजीत जे जे धावतं, ते आपल्याकडे चालतं. त्यांचं यंत्र धावतं, आपलं चालतं. ते दुकान धाववतात, आपण चालवतो. त्यांचं नाटक सहा महिने धावतं, आपलं सहा महिने चालतं. कॉम्प्युटरवरचा प्रोग्रामसुद्धा त्यांच्याकडे पळतो आणि आपल्याकडे चालतो, वेग तोच. निवडणुकीत तर बहारच आहे. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीला धावतो, ब्रिटनमधला उभा राहतो. आपलाही उभाच राहतो, पण वरून समजूत काढली तर तो बसतोही. धावण्यापासून बसण्यापर्यंतचा हा प्रवास कुठल्या कोशात एका जागी सापडायचा नाही.

या शोधाने माझी छाती फुगली. कॉलवर एक परदेशी सहकारीण हौसेने मराठी शिकते आहे, तिला मी ऐटीत म्हटलं, "तुमची भाषा सारखी धावते, म्हणून आम्हाला दम लागतो. आमच्याकडे सगळं सावकाश."

ती म्हणाली, "हो, तेच विचारायचं होतं." मी फोनवर आईशी बोलताना तिने ऐकलं होतं. दहा मिनिटांत मी 'चालेल' हा शब्द अकरा वेळा उच्चारला होता. कोशात पाहिलं तर 'विल वॉक'. मग कोण चालणार आहे? आणि अकरा वेळा कुठे? शिवाय पंखा 'चालू' असतो म्हणजे तो सुरू असतो, हे तिला कळलं होतं. पण मी परवा एका माणसाला 'चालू' म्हटलं, तो कुठल्या बटणाने बंद होतो?

मी तोंड उघडलं, मिटलं. मग घड्याळाकडे पाहिल्यासारखं केलं आणि म्हणालो, "सॉरी, आय हॅव टू रन."

आणि खुर्चीतून तसूभरही न हलता कॅमेरा बंद केला.